मार्सेल

मार्सेल हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राकाठी वसलेले शहर व बंदर आहे. लोकसंख्येच्या दृष्टीने फ्रान्समध्ये पॅरिसखालोखाल त्याचा क्रमांक लागतो. बूश-द्यु-रोन या जिल्ह्याचे आणि प्रोव्हान्स-आल्प-कोत दाझ्यूर या प्रदेशाचे ते मुख्यालय आहे. शहराची लोकसंख्या सुमारे ८ लाख ७० हजार व क्षेत्रफळ सुमारे २४० चौरस किलोमीटर आहे. जुन्या मराठी ग्रंथांत इंग्रजी उच्चारास अनुसरून त्याचा उल्लेख ‘मार्सेलिस’ किंवा ‘मार्सेल्स’ असा आढळतो.

महाराष्ट्रात हे नाव मुख्यतः दोन कारणांनी परिचित झाले. मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटींचा युरोपातील हा महत्त्वाचा थांबा होता, आणि ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर यांनी याच बंदरात ‘मोरिया’ बोटीवरून समुद्रात उडी घेतली. आज हे शहर सूर्यप्रकाश, समुद्रकिनारे, चुनखडीचे कडे व संग्रहालये यांसाठी पर्यटकांना आकर्षित करते.

भूगोल

मार्सेल हे लायनच्या आखाताच्या पूर्व भागात, रोन नदीच्या मुखाच्या पूर्वेस आहे. शहराच्या तीन बाजूंना चुनखडीच्या टेकड्या व पश्चिमेस समुद्र आहे. किनाऱ्यासमोर फ्रियुल बेटांचा समूह असून त्यांपैकी इफ हे लहानसे बेट त्यावरील किल्ल्यामुळे प्रसिद्ध आहे. दक्षिणेस समुद्रात उतरणारे पांढरे कडे व त्यांच्यामध्ये शिरलेल्या अरुंद खाड्या आहेत. या खाड्यांना ‘कालांक’ म्हणतात.

हवामान

येथील हवामान भूमध्यसागरी प्रकारचे आहे. त्याचा क्रम महाराष्ट्रातील ऋतूंच्या जवळजवळ उलट असतो. उन्हाळ्यात उपोष्ण कटिबंधातील जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो व आकाश निरभ्र राहते. तो हिवाळ्यात दक्षिणेकडे गेला, की पश्चिमी वारे पाऊस आणतात. त्यामुळे मराठवाड्यात पेरण्या चालू असतात, त्या जुलै महिन्यात मार्सेल येथे वर्षातील सर्वांत कमी पाऊस पडतो. सर्वाधिक पाऊस सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, थोड्याच दिवसांत पण जोरदार सरींच्या रूपाने पडतो. वार्षिक पर्जन्यमान ५०० ते ५५० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे छत्रपती संभाजीनगरपेक्षाही कमी आहे. वर्षाकाठी २,८०० तासांहून अधिक सूर्यप्रकाश मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान ३० अंश सेल्सियसच्या आसपास असते, तर जानेवारीत ते ११-१२ अंशांपर्यंतच चढते.

रोन नदीच्या खोऱ्यातून वाहत येणारा ‘मिस्त्राल’ हा थंड व कोरडा वायव्य वारा हे येथील हवामानाचे वैशिष्ट्य आहे. त्याचे झोत कधीकधी ताशी १०० किलोमीटरहून वेगवान असतात. तो आकाश स्वच्छ करतो. मात्र किनाऱ्यालगतचे उबदार पाणी दूर लोटल्याने खालचे थंड पाणी वर येते व ऐन उन्हाळ्यातही समुद्राचे तापमान एकदोन दिवसांत बरेच खाली येते.

इतिहास

इ.स.पू. ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकेआ या नगरातून आलेल्या ग्रीकांनी येथे ‘मस्सालिया’ ही वसाहत स्थापन केली. स्थानिक राजाची कन्या जिप्टिस हिने स्वयंवरासारख्या समारंभात प्रोटिस या ग्रीक पाहुण्यास पाण्याचा प्याला देऊन वरले, अशी आख्यायिका सांगितली जाते. इ.स.पू. ४९ मध्ये ज्यूलियस सीझरच्या सैन्याने वेढा घालून शहर जिंकले.

१७२० मध्ये ‘ग्रां-सेंत-आंत्वान’ या जहाजातून प्लेग आला व शहरातील जवळजवळ निम्मे लोक मृत्युमुखी पडले. १७९२ मध्ये येथील स्वयंसेवक एक समरगीत गात पॅरिसला गेले. हे गीत रूझे द लील याने स्त्रासबूर्ग येथे रचले होते. तरी गाणाऱ्यांच्या गावावरून त्यास ‘ला मार्सेयेझ’ हे नाव पडले व पुढे ते फ्रान्सचे राष्ट्रगीत झाले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर पूर्वेकडील व्यापारामुळे बंदराची मोठी भरभराट झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, जर्मन सैन्याने जुन्या बंदराच्या उत्तरेकडील वस्ती रहिवाशांना बाहेर काढून सुरुंगांनी उद्ध्वस्त केली.

भारत व महाराष्ट्राशी संबंध

प्राचीन व्यापार

इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठण (प्रतिष्ठान) व तेर (तगर) या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. पैठण हे बारीगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या, तर तेर हे पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे त्यात म्हटले आहे. पैठणहून मौल्यवान खडे व तेरहून कापड गाड्यांतून भडोचला जाई. भडोच येथे उतरणाऱ्या मालात मद्य, तांबे, कथील यांच्याबरोबर पोवळ्यांचाही समावेश होता. रोमन लेखक प्लिनी याच्या मते उत्तम पोवळे गॉलच्या आखातातील स्तोखादेस बेटांजवळ मिळे आणि भारतीयांना पोवळ्याचे मोल मोत्यांइतके वाटे. ही बेटे, म्हणजे आजची इएर बेटे, मार्सेलच्या पूर्वेस असून एके काळी मस्सालियाच्या ताब्यात होती.

आगबोटींचा काळ

सुएझ कालव्यानंतर मुंबईहून निघालेल्या बोटी एडन, सुएझ व पोर्ट सैद या मार्गाने मार्सेलला येत. लंडनला जाणाऱ्या प्रवाशास पुढे जिब्राल्टरला वळसा घालून बोटीनेच जाता येई किंवा येथे उतरून आगगाडीने कॅलेपर्यंत जाऊन इंग्लिश खाडी ओलांडता येई. दुसऱ्या मार्गाने सुमारे आठवडा वाचत असे. त्यामुळे अनेक भारतीय विद्यार्थी, वकील व पुढारी यांचे युरोपातील पहिले पाऊल मार्सेल येथे पडले. गोलमेज परिषदेस जाताना महात्मा गांधी ‘राजपुताना’ बोटीने ११ सप्टेंबर १९३१ रोजी येथेच उतरले होते.

सावरकरांची उडी व हेगचा निवाडा

सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडन येथे अटक झाली. खटल्यासाठी त्यांना भारतात पाठविण्याचा निर्णय झाला व १ जुलै रोजी ‘मोरिया’ बोट इंग्लंडहून निघाली. ७ जुलैच्या सायंकाळी ती मार्सेल बंदरात लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सावरकर शौचकूपाच्या गवाक्षातून बाहेर पडले, पोहत धक्क्यापर्यंत गेले आणि किनाऱ्यावर धावू लागले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका हवालदाराने त्यांना पकडले व बोटीवरून पाठलागावर आलेल्यांच्या मदतीने पुन्हा बोटीवर पोहोचविले. ९ जुलै रोजी बोट पुढे निघाली.

लोककथनात या प्रसंगाला अनेकदा भर समुद्रातील दीर्घ पोहण्याचे रूप दिले जाते. प्रत्यक्षात बोट बंदरात उभी होती व धक्क्यापर्यंतचे अंतर थोडे होते. प्रसंगाचे महत्त्व पुढील कायदेशीर प्रश्नात आहे. फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवलेल्या राजकीय कैद्यास प्रत्यार्पणाची रीतसर कार्यवाही न करता परदेशी अधिकाऱ्यांच्या हवाली करता येते काय, असा तो प्रश्न होता. कार्ल मार्क्सचे नातू झां लोंगे यांनी ‘ल्युमानिते’ या समाजवादी पत्रातून तो लावून धरला. फ्रान्सने कैदी परत मागितला, ब्रिटनने नकार दिला आणि २५ ऑक्टोबर १९१० च्या करारान्वये हा वाद हेग येथील स्थायी लवाद न्यायालयाकडे गेला.

बेल्जियमचे माजी पंतप्रधान ओग्युस्त बेर्नार्ट यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यांच्या मंडळाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा दिला. अटक करून ताबा देण्याच्या पद्धतीत अनियमितता घडल्याचे मंडळाने मान्य केले. तथापि ब्रिटनने बळाचा किंवा कपटाचा वापर केलेला नव्हता, आणि परक्या देशाच्या सेवकाच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असे ठरवून ब्रिटनच्या बाजूने निर्णय दिला. तोपर्यंत सावरकरांना भारतात दोन जन्मठेपेच्या, म्हणजे एकूण पन्नास वर्षांच्या शिक्षा झालेल्या होत्या. आश्रयाचा हक्क व प्रत्यार्पण या विषयांच्या अभ्यासात हा निवाडा आजही वाचला जातो.

पहिले महायुद्ध

२६ सप्टेंबर १९१४ पासून भारतीय सैन्याच्या तुकड्या मार्सेल येथे उतरू लागल्या. त्यांच्या छावण्या बोरेली उद्यान व ला व्हालेंतीन येथे होत्या. लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेलेल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये नव्ह-शापेल येथे लढल्या. शहराच्या दक्षिण भागातील माझार्ग युद्ध दफनभूमीत भारतीय सैनिकांचे स्मारक असून त्याचे अनावरण १९२५ मध्ये झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी व फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी या दफनभूमीस भेट दिली. त्याच वेळी शहरात भारताच्या महावाणिज्य दूतावासाचे उद्घाटन झाले.

प्रेक्षणीय स्थळे

जुने बंदर (व्ह्यू-पोर): ग्रीकांनी निवडलेली ही नैसर्गिक खाडी शहराचे केंद्र आहे. सकाळी तिच्या काठावर मासळीबाजार भरतो. मराठी पर्यटक सावरकरांच्या उडीचे स्थळ येथे शोधतात. मात्र त्या काळच्या मोठ्या आगबोटी या उथळ बंदरात येत नसत. त्या उत्तरेकडील जोलिएत व त्यापलीकडील नव्या धक्क्यांना लागत. तो भाग आजही चालू बंदराचा असल्याने तेथे सर्वसाधारण प्रवेश नाही. जोलिएत येथील ‘तेरास द्यु पोर’ या व्यापारसंकुलाच्या गच्चीवरून बंदराचा विस्तार पाहता येतो.

म्यूसेम व सें-झां किल्ला: युरोप व भूमध्यसागरी संस्कृतींचे हे संग्रहालय २०१३ मध्ये, शहरास युरोपीय सांस्कृतिक राजधानीचा मान मिळाला त्या वर्षी, सुरू झाले. शेजारचा किल्ला त्यास पुलाने जोडलेला आहे.

ल पानिए: चढउतारांच्या अरुंद गल्ल्यांचा हा शहराचा सर्वांत जुना भाग आहे. येथील ‘व्हिएय शारिते’ ही सतराव्या शतकातील निराधारांच्या आश्रयगृहाची इमारत आता संग्रहालयांसाठी वापरली जाते.

नोत्र-दाम द ला गार्द: सुमारे १५० मीटर उंच टेकडीवरील हे चर्च १८६४ मध्ये विधिपूर्वक खुले झाले. दर्यावर्दींनी नवस फेडण्यासाठी वाहिलेल्या जहाजांच्या प्रतिकृती आत टांगलेल्या आहेत. येथून संपूर्ण शहर दिसते.

शातो दीफ: सोळाव्या शतकातील हा जलदुर्ग पुढे तुरुंग झाला. आलेक्सांद्र द्युमाच्या ‘काउंट ऑफ माँटे ख्रिस्तो’ या कादंबरीमुळे तो जगप्रसिद्ध आहे. जुन्या बंदरातून तेथे जाण्यास बोटी सुटतात.

कोस्केर गुहेची प्रतिकृती: आंरी कोस्केर या पाणबुड्याला १९८५ मध्ये कालांक प्रदेशात समुद्रसपाटीखाली ३७ मीटरवर एका गुहेचे मुख सापडले. १९९१ मध्ये तीन पाणबुड्यांचा तेथे बुडून मृत्यू झाल्यावर या शोधाची अधिकृत नोंद झाली. गुहेत घोडे, रानबोकड, सील, ऑक पक्षी व मानवी हातांचे ठसे असून सर्वांत जुनी चित्रे सुमारे २७,००० वर्षांपूर्वीची व त्याआधीची आहेत. चित्रे काढली गेली तेव्हा समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली होती व गुहा किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत होती. आता वाढत्या पातळीमुळे चित्रे हळूहळू नष्ट होत आहेत. म्हणून २०२२ मध्ये शहरात प्रतिकृती उभारण्यात आली. मूळ चित्रांचे रक्षण व लोकांची पाहण्याची इच्छा यांचा मेळ घालण्याचा असाच प्रयत्न अजिंठ्याच्या पायथ्याशी पर्यटक केंद्रातील लेण्यांच्या प्रतिकृतींमधून झालेला आहे.

सिते राद्यूझ: ल कॉर्ब्युझिए यांनी रचलेली ही निवासी इमारत १९५२ मध्ये पूर्ण झाली. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या ज्या वास्तू जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्यांत ही इमारत व चंदीगडचे कॅपिटल संकुल या दोहोंचा समावेश आहे.

कालांक राष्ट्रीय उद्यान: २०१२ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान मार्सेलपासून कासी व ला स्योतापर्यंत पसरले आहे. गर्दीमुळे होणारी जमिनीची धूप रोखण्यासाठी सुजितों या खाडीत २०२२ पासून उन्हाळ्यात मोफत, पण आगाऊ नोंदणी करूनच प्रवेश दिला जातो.

भेटीचे नियोजन

योग्य काळ

मे, जून व सप्टेंबरचा पूर्वार्ध हा भेटीसाठी सर्वांत सोयीचा काळ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी व निवासाचे दर वाढतात. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात वणव्याच्या धोक्यानुसार कालांकच्या पायवाटा कोणत्याही दिवशी बंद होऊ शकतात. त्याची सूचना आदल्या दिवशी सायंकाळी मिळते. महाराष्ट्रातील शाळांच्या दृष्टीने उन्हाळी सुट्टी सोयीची ठरते. दिवाळीची सुट्टी मात्र मार्सेलच्या पावसाळी दिवसांत येते आणि त्या वेळी समुद्रस्नानाची अपेक्षा ठेवता येत नाही. मे महिन्यातही हवा उबदार असली, तरी पाणी गारच असते.

कागदपत्रे

भारतीय नागरिकांना शेंगेन व्हिसा आवश्यक असतो. अर्ज प्रवासापूर्वी जास्तीत जास्त सहा महिने व किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. मे महिन्याच्या प्रवासासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच तयारी करणे हिताचे असते, कारण उन्हाळ्यापूर्वी भेटीच्या वेळा लवकर भरतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला व परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो व ६ ते १२ वर्षे वयाच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. बोटांचे ठसे देण्यासाठी अर्जदाराला स्वतः हजर राहावे लागते. छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांना त्यासाठी मुंबई किंवा पुणे येथे जावे लागते.

कसे जावे

भारतातून मार्सेलला थेट विमानसेवा नाही. छत्रपती संभाजीनगरहून विमानाने अथवा देवगिरी एक्सप्रेससारख्या रात्रीच्या गाडीने मुंबई गाठून पुढे पॅरिस, फ्रँकफर्ट किंवा इस्तंबूलमार्गे जाता येते. मार्सेल-प्रोव्हान्स विमानतळ शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर मारिन्यान येथे असून तेथून सें-शार्ल रेल्वे स्थानकापर्यंत बस मिळते. पॅरिसला उतरल्यास गार द लियों स्थानकावरून अतिजलद गाडीने सव्वातीन ते साडेतीन तास लागतात. तिकीट जितके आधी काढावे तितके स्वस्त पडते. शहरांतर्गत प्रवासासाठी मेट्रोचे दोन मार्ग, ट्राम व बस आहेत. मार्सेलची वेळ भारताच्या साडेचार तास, तर मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेतीन तास मागे असते.

दिवसांची आखणी

मुख्य स्थळांसाठी तीन दिवस पुरतात. जुने बंदर, ल पानिए व म्यूसेम एका दिवसात. कोस्केर प्रतिकृती, टेकडीवरील चर्च व माझार्ग दुसऱ्या दिवशी. इफ बेट किंवा कालांक तिसऱ्या दिवशी, अशी विभागणी करता येते. मिस्त्राल वाहू लागल्यास इफ बेटाच्या बोटी रद्द होतात. त्यामुळे समुद्रावरील फेरी शेवटच्या दिवसासाठी राखून न ठेवता वारा नसलेल्या पहिल्या दिवशीच उरकणे श्रेयस्कर. साप्ताहिक सुट्ट्याही पाहाव्या लागतात. अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते, त्याप्रमाणे येथे महापालिकेची संग्रहालये सोमवारी व म्यूसेम मंगळवारी बंद असते. रविवारी बरीच दुकानेही बंद राहतात.

समुद्रस्नानासाठी कातालां व प्रादो हे किनारे शहरातच आहेत. प्रादोची चौपाटी मेट्रोच्या खोदकामातून निघालेल्या मातीची भर घालून तयार केलेली आहे. उन्हाळ्यात तेथे जीवरक्षक असतात. कालांकच्या पायवाटांवर पिण्याचे पाणी मिळत नाही. प्रत्येकाने पुरेसे पाणी, टोपी व न घसरणारी पादत्राणे बरोबर ठेवावीत. गर्दीच्या ठिकाणी व स्थानकावर खिसेकापूंपासून सावध राहणे आवश्यक असते. आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

खाद्यसंस्कृती

‘बुयाबेस’ हे अनेक प्रकारच्या मासळीचे, केशर घातलेले कालवण मार्सेलची ओळख मानले जाते. शाकाहारी व्यक्तींसाठी ‘पानिस’ हा पदार्थ उल्लेखनीय आहे. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पाण्यात शिजवून थिजवतात व त्याचे काप तळतात. पिठल्याच्या वड्यांशी त्याचे साम्य सहज लक्षात येते. वांगी, भोपळी मिरची व टोमॅटो यांची ‘रातातूय’ ही भाजी आणि तुळशीच्या कुळातील पानांचा वाटण घातलेला ‘सूप ओ पिस्तू’ हेही प्रचलित आहेत. सूपमध्ये चीज असते व काही ठिकाणी मांस घालतात, म्हणून आधी विचारून घ्यावे. नारिंगी फुलांच्या अर्काचा वास असलेली ‘नाव्हेत’ ही होडीच्या आकाराची बिस्किटे बरेच दिवस टिकतात. ऑलिव्ह तेलाचा साबण ही येथील जुनी निर्मिती असून त्याच्या उत्पादनाचे नियम १६८८ च्या राजाज्ञेने ठरविले गेले होते.

हेही पाहा

विनायक दामोदर सावरकर
पैठण
तेर
अजिंठा लेणी
सुएझ कालवा
भूमध्यसागरी हवामान